मावशींनी लावलेले रंग

"पुन्हा पांढरा नि सायीचा एकाच टोपलीत," बाहीवाली माझ्या कानाशी पुटपुटली. "आणि काळा म्हणून हा गडद निळा. निस्तर आता तूच, ताई. मला आज दोन बाह्या संपवायच्यात."

"हळू बोल जरा."

"हळूच बोलतेय. दीड वर्षं हळूच बोलतोय आपण. हळू बोलून बोलून माझा घसा बसलाय."

मी दाराकडे एकदा बघून घेतलं, टोपलीतला निळ्या लोकरीचा गुंडा उचलला आणि खुर्चीखालच्या पिशवीत सरकवला. त्याच्या जागी काळा ठेवला. पांढरा काढून सायीचा दुसरा ठेवला. दोन मिनिटांचं काम. हात आता इतका बसला होता की छातीत धडधडसुद्धा होत नव्हती.

आमची खोली म्हणजे लोकरीच्या दुकानाची मागची बाजू. पुढे मालकीणबाईंचा काउंटर, मागे आम्ही. भिंतीला छतापर्यंत फळ्या, त्यावर लोकरीच्या लड्या, मधे लांब टेबल आणि एकच मोठी खिडकी. ऑर्डरचे स्वेटर आम्ही तिथे विणतो. अंग मी विणते. बाहीवाली बाह्या विणते, कारण तिला गळ्याचा हिशोब जमत नाही आणि ते शिकायचंही नाही. आणि रंग मावशी लावतात.

मावशी आमच्यापैकी कुणाच्याच मावशी नाहीत. वय सहासष्ट. मालकीणबाई फ्रॉकमधे होत्या तेव्हापासून त्या खिडकीपाशी बसताहेत. गिऱ्हाईक आलं की मालकीणबाई त्याला आत पाठवतात, मावशी समोरच्या स्टुलावर बसवतात आणि आवडता रंग सोडून बाकी सगळं विचारतात. कामाला बसता कुठे, उन्हात की सावलीत? घरात वाजलं तर बोलता की गप्प बसता? स्वेटर स्वतःच्या मनानं घालणार की कुणी बजावलं म्हणून? एकदा एका जाडजूड वकिलाला विचारलं, "लहानपणी मार खाल्लाय का हो?" तो आधी चिडला, मग अर्धा तास बोलत बसला, आणि त्याला मावशींनी शेवाळी आणि फिकट अबोली लावून दिला. वकिलाला अबोली! तो स्वेटर त्यानं कोपरं फाटेपर्यंत घातला आणि मग तस्साच दुसरा करून घेतला.

पद्धत ठरलेली. फळीवरून तीन-चार लड्या काढायच्या. प्रत्येकीचा एकेक धागा घेऊन सगळे बोटाभोवती एकत्र पिळायचे आणि डोळे बारीक करून त्या पिळाकडे बघायचं. पसंत पडलं की मावशी स्वतः त्या लड्यांचे गुंडे करणार आणि टोपलीत ठेवून घरी जाणार. "राहू देत एकत्र," म्हणायच्या. "उद्या सकाळी भांडले नाहीत तर विणायला घ्या." सकाळी आल्या की टोपलीत हात घालून गुंडे फिरवायच्या, आमच्याकडे एकदा बघायच्या आणि मान हलवायच्या. त्याशिवाय सुईवर टाका घालायचा नाही.

मी त्यांच्याकडे बघून बघूनच शिकले. मला कुणी शिकवलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही.

दीड वर्षापूर्वी एका शिक्षिकेच्या कार्डिगनसाठी मावशींनी राखाडी आणि काळा लावला होता. संध्याकाळी टोपली आवरताना बघते तर काळा नव्हे, गडद निळा. वाटलं, घाईत लडी चुकली असेल. मी बदलून टाकली. पंधरा दिवसांनी पांढऱ्याच्या जागी लिंबाचा फिकट पिवळा निघाला. मग तपकिरीच्या जागी जांभळा. तेव्हा बाहीवाली आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि मग दोघींनी मालकीणबाईंकडे. मालकीणबाई म्हणाल्या, "कुणी काही बोलायचं नाही. रंग गेले तर मावशींचं उरलं काय? तू बदलत जा गुपचूप. नंतर बघू."

नंतर कुणी बघितलं नाही. मालकीणबाईंना गिऱ्हाइकांची काळजी. बाहीवालीला मावशींनी हाताला धरून पहिला टाका शिकवलेला, तिच्या जिभेवर ते येणं शक्यच नव्हतं. आणि मी का गप्प होते? मी म्हणायचे, त्यांना वाईट वाटेल म्हणून. ते खरं होतंच. पण सुरुवातीला मी चुकलेला गुंडा तेवढा बदलायचे, पुढे पुढे शेजारचाही बदलायला लागले. मला वाटायचं, इथे तपकिरीपेक्षा मातकट चांगला दिसेल. आणि दिसायचा. गिऱ्हाईक पुढे काउंटरवर "काय रंग लावलेत हो!" म्हणायचं आणि मी मागे मान खाली घालून टाके मोजायचे, आणि मोजताना माझे टाके चुकायचे.

तर त्या दिवशी मावशींना उशीर झाला. कधी होत नाही. दहा वाजून गेल्यावर आल्या, खांद्याला कापडी पिशवी. टोपलीकडे गेल्या नाहीत. चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच पुढे हाक मारली, "अगं, आत ये जरा. गिऱ्हाईक नाहीये, मी बघून आलेय."

मालकीणबाई आल्या. मावशींनी टेबलावरची माझी विण बाजूला सारली, पिशवीतून एक स्वेटर काढला आणि दोन्ही बाह्या पसरून टेबलावर मांडला.

"आमच्या ह्यांचा," मावशी म्हणाल्या. "घरी केला. रंग माझे, विण माझी. इथे कुणाला दाखवला नव्हता. साधाच आहे. अंग आणि बाह्या चॉकलेटी, छातीवर सायीच्या तीन रेघा, गळा आणि काठ काळा. आता खरं सांगा, कसा झालाय?"

बाहीवालीच्या हातून सुई पडली. फरशीवर टिणटिणत कपाटाखाली गेली, पण ती घ्यायला कुणी वाकलं नाही.

स्वेटर कमरेपासून पोटापर्यंत चॉकलेटी होता. तिथे एक गुंडा संपला असणार, कारण त्या ओळीपासून वर तो जांभळा होता. वांग्यासारखा, लख्ख जांभळा. उजवी बाही चॉकलेटी, डावी कोपरापर्यंत जांभळी आणि कोपराखाली चॉकलेटी. छातीवरच्या तीन रेघांतली एक सायीची, एक पांढरीशुभ्र, एक लिंबाची. गळा गडद निळा, खालचा काठ बाटलीसारखा हिरवा. आणि विण अशी की मशीननं लाजावं, एक टाका इकडचा तिकडे नाही. तेच बघवत नव्हतं. वाईट विणलेला असता तर थट्टा तरी करता आली असती.

इतके दिवस आम्ही टोपलीत एकेक गुंडा बघत होतो. एक चूक काढायची, एक बरोबर ठेवायचं. सगळं एकत्र विणून कुणी समोर पसरलं नव्हतं. मावशींना जग असं दिसतं हे मला त्या टेबलावर पहिल्यांदा कळलं.

"बोला की गं," मावशी म्हणाल्या.

"विण काय सुरेख आलीय, मावशी," मालकीणबाई म्हणाल्या.

"विणीचं विचारलं नाही मी."

"वेगळा आहे," बाहीवाली घोगऱ्या आवाजात म्हणाली. "म्हणजे, हल्ली असं वेगळं घालतात लोक."

मावशींनी माझ्याकडे बघितलं.

"छान आहे," मी म्हणाले. तोंडानं आपलं आपणच म्हणून टाकलं. दीड वर्षाची सवय.

मावशी थोड्या हसल्या. "हेही असंच म्हणाले. छान आहे. नऊ दिवस झाले, अंगावरून काढत नाहीत. वाचनालयात घालून जातात, दवाखान्यात गेले, काल बाजारात गेले होते."

"काका? हा घालून? बाजारात?" बाहीवालीच्या तोंडून निसटलं.

"का? का नाही?"

काका म्हणजे मोजणी खात्यातले निवृत्त माणूस. शर्टाच्या बटणांची ओळ पट्ट्याच्या बकलाशी जुळली नाही तर परत घरात जाऊन नीट करून येणारे. त्यांचे डोळे ठणठणीत. ते उंच, ताठ काका हा स्वेटर घालून भर बाजारातून भाजीची पिशवी घेऊन चालताहेत, आणि पोरंसोरं मागे वळून बघताहेत, असं चित्र माझ्यापुढे आलं. म्हणजे तेही आमच्यासारखंच लपवत होते. आमचं निदान खोलीच्या आत चाललं होतं.

मावशी खुर्चीवर बसल्या. टोपली ओढून घेतली आणि एकदम माझ्या मांडीवर ठेवली.

"मला कळायचं ते कळलं. आजपासून ही तुझी."

"म्हणजे काय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे रंग आता ही लावणार. तशीही लावतेच आहे."

माझे कान तापले. दोन्ही हातांनी टोपली धरली तरी ती मांडीवरून घसरतेय असं वाटायला लागलं. "मावशी, मी कुठे—"

"हात इकडे कर." त्यांनी टोपलीतून एक गुंडा काढून माझ्या हातात दिला. "दाब. मऊ लागतो? हा माझा. मी दोन बोटं आत धरून गुंडाळते, लोकर सैल राहते. आता हा दाब. दगड! हा तुझा. तू आवळून आवळून गुंडाळतेस, कुणी पळवून नेणार असल्यासारखी. हिचा," त्यांनी बाहीवालीकडे बोट दाखवलं, "लांबट होतो, दुधी भोपळ्यासारखा. काल संध्याकाळी मी टोपलीत तीन मऊ ठेवून गेले होते. आत्ता एक मऊ आहे नि दोन दगड."

बाहीवालीनं तोंडावर हात ठेवला.

दीड वर्षं मी एकेक छटा उजेडात धरून, पारखून बदलली होती. लडीचा नंबर बघायचे, पिशवी लपवायचे, दारावर लक्ष ठेवायचे. गुंड्याला हात लागतो आणि हाताला गुंडाळणारा कळतो, हे रोज सकाळसंध्याकाळ गुंडे करणाऱ्या मला एकदाही सुचलं नाही. सकाळी त्या टोपलीत हात घालून आमच्याकडे बघायच्या ते मला आठवलं. मी समजत होते, त्यांना पत्ता नाही. मानही हलवायच्या.

"पहिल्यापासून?" मालकीणबाईंनी विचारलं.

"पहिल्यापासूनच. आधी वाटलं, लडी खराब निघाली असेल. मग वाटलं, एवढी एक जोडी नसेल आवडली हिला. मग मोजायचं सोडलं."

"मग बोलला का नाहीत, मावशी?"

"तुम्ही बोललात?"

त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भाजी निवडताना बोलावं तशा बोलत होत्या.

"मी म्हटलं, म्हातारीची आवड जुनी झाली. पोरी गुणाच्या आहेत, सांभाळून घेताहेत. बाहेर शब्द जाऊ देत नाहीत. मग मी नवीन काय चाललंय ते शिकायला गेले. मासिकं आणली. दुकानांच्या काचांपुढे उभी राहायचे. रस्त्यात लोकांच्या स्वेटरकडे टक लावून बघायचे. एका बाईनं तर माझ्याकडे बघून पर्स ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली." बाहीवालीला हसूही आलं नि रडूही, तिनं नुसता हुंदक्यासारखा आवाज काढला. "किती बघितलं, पण माझं काय चुकतंय तेच कळेना. मला माझे रंग चांगलेच वाटत होते गं. म्हटलं, एकदा शेवटचं करून बघू. कुणाचा हात लागायला नको. तीन महिने बसून हा केला. आणि झाल्यावर मला वाटलं, आयुष्यात इतकी चांगली जोडी आपण लावली नव्हती."

त्यांनी स्वेटरवरून हात फिरवला. सायीच्या, पांढऱ्या आणि लिंबाच्या रेघेवरून एकसारखा.

"मग आत्ता तुमची तोंडं बघितली."

मी मालकीणबाईंकडे बघितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. एक गोष्ट मावशींना कळू नये म्हणून आम्ही तिघींनी धडपड केली होती, आणि ती खरंच कळली नव्हती. तिच्या जागी दुसरी कळली होती, जी खोटी होती आणि जास्त वाईट होती. मावशींना स्वतःचे डोळे चांगले वाटत होते. अक्कल गेलीय असं वाटत होतं. आणि ते त्यांच्या मनात आम्हीच भरवलं होतं, रोज एकेक घट्ट गुंडा ठेवून.

"तसं नाही मावशी," मालकीणबाई घाईघाईनं म्हणाल्या. "कधी कधी साठा संपतो, एखादी लडी कमी पडते, म्हणून हिला मी सांगायची की—"

"दीड वर्षं साठा संपतोय?" मावशी म्हणाल्या. "मग दुकान कशाला उघडतेस? बस झालं. मला वाईट वाटलेलं नाही." आणि माझ्याकडे वळल्या. "तू जोड्या चांगल्या लावतेस. मनापासून सांगते. त्या दातांच्या डॉक्टरणीचा स्वेटर, लोक काउंटरवर वाखाणत होते तेव्हा मी मागेच बसले होते. त्यातला एकही गुंडा माझा नव्हता. मला जरा लागलं. पण म्हटलं, माझ्याच खोलीत शिकलीय."

डॉक्टरणीचा स्वेटर. त्या टोपलीत मावशींचं एकच चुकलं होतं, तपकिरीच्या जागी जांभळा. बाकीचे तिन्ही रंग बरोबर होते. ते मी बदलले होते, मला बदलावेसे वाटले म्हणून. तो स्वेटर गेला त्या दिवशी मी घरी गुणगुणत गेले होते.

टोपली मांडीवर तशीच होती. मी गप्प बसले असते तर ती माझीच होती. मावशींनी स्वतःच्या हातानं दिली होती, मालकीणबाई नाही म्हणणार नव्हत्या, बाहीवाली बाह्या विणत राहिली असती. मावशी घरी गेल्या असत्या, मासिकं रद्दीत दिली असती, आणि काका जन्मभर काहीही घालून बाजारात गेले असते. मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांची मान अगदी थोडी, नाही अशी हलली. राहू दे, असं त्यांचं म्हणणं. आता त्यात नवीन दुःख कशाला.

मावशींनी स्वेटर मांडीवर ओढला. गळ्याची शिवण चाचपली, बंद केलेला टाका बरोबर शोधला, कात्रीनं टचकन तोडला आणि धागा ओढायला सुरुवात केली. गळा भराभर उसवत गेला. निळ्याचा ढीग बाजूला टाकला आणि खांद्याच्या ओळी सुरू झाल्या. तीन महिन्यांचं काम घसरत, नागमोडी होऊन त्यांच्या बोटांवर गोळा होत होतं.

"कशाला उसवताय मावशी, राहू द्या ना," बाहीवाली रडकुंडीला येऊन म्हणाली.

"ठेवून काय करू? ह्यांना कुणीतरी चांगला विणून द्या. काय हवं ते लावा." त्यांचे हात थांबत नव्हते. दोन बोटं आत धरून त्या गुंडाळत होत्या, सैल, मऊ. "लोकर वाया घालवू नका मात्र. चांगल्यातली आहे. हा चॉकलेटी बघ किती निघतोय. एखाद्या लहान मुलाची टोपी होईल. चॉकलेटी मळत नाही."

आणि त्यांनी तो गुंडा माझ्यापुढे धरला. खिडकीतल्या उन्हात त्यांच्या तळहातावर तो जांभळा पेटल्यासारखा दिसत होता.

मी टोपली टेबलावर ठेवली आणि त्यांचा हात धरला, गुंड्यासकट. गार होता. त्यांनी चमकून वर बघितलं.

"काय गं?"

"थांबा मावशी. उसवू नका." मी हात सोडला नाही. "डॉक्टरणीचे रंग तुमचेच चांगले होते. ते मी उगीच बदलले, माझ्या हौसेपायी. तुमची आवड कुठे गेलेली नाही."

"मग काय गेलंय?"

मालकीणबाई म्हणाल्या, "अगं नको." बाहीवालीनं डोळे मिटून घेतले.

"हा चॉकलेटी नाही, मावशी," मी म्हणाले. "जांभळा आहे. तुम्हाला रंग दिसत नाहीत."